उन्हाळी पाळीची वाट पाहून उचललेलं पॉन्टून: पूर्व विदर्भातल्या एका जलाशयातलं प्रकरण

बुडालेली वस्तू वर काढायची म्हटलं की डोळ्यांसमोर बंदर येतं, टग येतात, तरंगती क्रेन येते. भंडारा-गोंदियाकडच्या मध्यम प्रकल्पाच्या जलाशयात यातलं काहीच पोहोचत नाही. तिथं असतात पोकलेन, जेसीबी, ट्रॅक्टर, चेन पुली, शेतातली डिझेल इंजिनं आणि ढिवर, म्हणजे मासेमार, बांधवांच्या बोटी. पण कामाला येणारी एक गोष्ट तिथं असते. पाण्याची पातळी कोणत्या तारखेला किती असेल, हे पाटबंधारे शाखेला बऱ्यापैकी आधी माहीत असतं. हे सगळं प्रकरण त्या एका गोष्टीभोवती फिरलं. गाव, ठेकेदार आणि योजना यांची नावं इथं दिलेली नाहीत.

काय बुडालं

पाणीपुरवठा योजनेच्या जॅकवेलसमोर, म्हणजे जलाशयातून पाणी उचलायच्या विहिरीसमोर, साचलेला गाळ काढण्यासाठी पोलादी पॉन्टूनवर, म्हणजे सपाट तरंगत्या तराफ्यावर, 20 टनी पोकलेन चढवलं होतं. पॉन्टून 12 मीटर लांब, 5 मीटर रुंद, 1.2 मीटर खोल. पत्रा 6 मिलिमीटरचा. आत तीन आडव्या भिंती, म्हणजे चार टाक्या, प्रत्येक 3 मीटर लांब आणि पूर्ण 5 मीटर रुंद. उभी मधली भिंत नव्हती. रिकाम्या पॉन्टूनचं वजन साडेदहा टनांच्या आसपास. मशीन मध्यभागी, ट्रॅक चार साखळ्यांनी डेकला बांधलेले.

मार्चच्या मध्याला सकाळी काम सुरू करताना ऑपरेटरनं भरलेली बकेट आडव्या बाजूला फिरवली. पॉन्टून कललं ते परत आलंच नाही. डेकची कड पाण्याखाली गेली, डेकवरच्या टाक्यांच्या झाकणांतून पाणी आत शिरलं आणि चार-पाच मिनिटांत सगळं तळाला टेकलं. ऑपरेटर आणि हेल्पर दोघांच्याही अंगात जॅकेट होतं, दोघं सुखरूप. जागा काठापासून 70 मीटर. बुडालेल्या कडेला पाणी 3.2 मीटर, तळाला मऊ गाळ. पॉन्टूनची लांबी काठाच्या दिशेनं, कल साधारण 12 अंश. केबिनचं टप आणि बूमचा, म्हणजे मशीनच्या लांब हाताचा, कोपरा पाण्यावर, बकेट गाळात रुतलेली.

का बुडालं

गावात लगेच ठरलं की ऑपरेटरनं मशीन जोरात फिरवलं. आकडे वेगळं सांगतात.

पॉन्टून आणि मशीन मिळून साडेतीस टन. गोड्या पाण्यात 12 × 5 मीटरच्या तळाला एवढ्या वजनासाठी 51 सेंटीमीटर बूड लागते, म्हणजे तेवढा भाग पाण्याखाली जातो, आणि पाण्यावर 69 सेंटीमीटर काठ उरतो. डेकची कड पाण्याला टेकायला 15.4 अंशांचा कल लागतो. जीएम, म्हणजे पॉन्टून सरळ राहण्याची ताकद ज्यावर मोजतात ती उंची, 2.64 मीटर येते. वजनानं गुणलं की 80 टन-मीटर, हा सरळ करणारा जोर. आता उलट बाजू बघू. टनभर ओला गाळ 9 मीटरवर धरला की 9 टन-मीटर. बूम पूर्ण ताणल्यावर मशीनचा स्वतःचा गुरुत्वमध्य अर्धा मीटरभर पुढं सरकतो, त्याचे आणखी 10. एकूण 19 टन-मीटर, त्या 80 च्या तुलनेत कल 13 अंशांच्या थोडा वर. म्हणजे टाक्या कोरड्या ठणठणीत असतानाही हातात जेमतेम दोन अंश उरत होते. हे मशीन या पॉन्टूनला मुळातच मोठं होतं, आणि इथं ऑपरेटरचा काही संबंध नाही.

त्या दिवशी टाक्या कोरड्याही नव्हत्या. मधल्या दोन टाक्यांच्या पत्र्याला पाण्याच्या रेषेच्या थोडं खाली गंजानं भोकं पडली होती. तिथला रंग दोरखंड घासून गेलेला असतो, आणि हवा-पाणी आलटून पालटून लागत राहतं, म्हणून पत्रा सगळ्यात आधी खातो तो तिथंच. 5 मिलिमीटरचं भोक पाण्याखाली 40 सेंटीमीटरवर असेल तर मिनिटाला दोन लिटर पाणी आत घेतं, दिवसाला पावणेतीन टन. भोक 10 सेंटीमीटरवरच असेल तरी त्याच्या निम्मं. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही, कारण पाच टन पाणी आत आलं तरी पॉन्टून आठच सेंटीमीटर खाली बसतं.

दोन टाक्यांत 16-16 सेंटीमीटर पाणी, म्हणजे 4.8 टन. हे पाणी सरळ उभ्या पॉन्टूनमध्ये निमूट पसरून असतं. कल आला की सगळं खालच्या कडेला धावतं, आणि मधली भिंत नसल्यानं पूर्ण पाच मीटर धावायला मोकळं. त्याचे जवळपास 8 टन-मीटर वाढले. एकूण 27, कल 18 अंशांकडे. पॉन्टून जड झाल्यामुळे कड टेकायची मर्यादा आता 13.7 अंशांवर आलेली. पुढं काय होणार ते ठरलेलंच होतं.

झाकणांचं सांगायचं तर आठ-आठ बोल्टच्या झाकणांना तीन-तीन बोल्ट होते आणि रबर पॅकिंग कडक होऊन तडकलेलं. झाकणं घट्ट असती तर कड बुडूनही आत पाणी शिरायला वेळ लागला असता आणि बकेट खाली टाकून सावरता आलं असतं.

पहिलं काम डिझेलचं

उचलायचं कसं हा वाद दुसऱ्या दिवशीचा. पहिल्या दिवशी प्रश्न तेलाचा होता, कारण जॅकवेल तीनशे मीटरवर आणि त्यावर काही गावांची नळयोजना. या वर्गाच्या मशीनमध्ये डिझेलची टाकी साडेतीनशे-चारशे लिटरची असते, हायड्रॉलिक तेल वेगळं.

डिझेल टाकीच्या झाकणाला श्वासछिद्र असतं, हायड्रॉलिक टाकीला ब्रीदर असतो. तेल तिथूनच सुटतं. ढिवरांपैकी दोघांनी बुडी मारून दोन्ही ठिकाणी सायकल ट्यूबचा तुकडा गुंडाळून लाकडी खुंटी ठोकली. बुडी मारणाऱ्याच्या कमरेला दोर, दोराचं टोक बोटीतल्या माणसाच्या हातात, आणि पॉन्टूनच्या खालच्या बाजूला किंवा बूमखाली कुणी जायचं नाही, एवढा नियम पाळला गेला. मग भरायच्या तोंडातून नळी सोडून हातपंपानं डिझेल वरच्या ड्रममध्ये घेतलं. डिझेल हलकं, त्यामुळे टाकीत शिरलेलं पाणी खाली राहतं. नळीचं तोंड टाकीच्या वरच्या थरातच ठेवायचं, तळापर्यंत घातलं की नुसतं पाणी येत राहतं.

जे सुटलं होतं त्याला बांबूच्या चौकटीला बांधलेल्या, तणस (धानाचा पेंढा) भरलेल्या पोत्यांचा वेढा घातला. धानाच्या पट्ट्यात तणस फुकट मिळते आणि तेल धरते, पण पाणीही पिते, म्हणून पोती दीड-दोन दिवसांनी बदलावी लागतात. बदललेली पोती काठावर टाकून दिली की सगळं तेल पहिल्या पावसात परत पाण्यात, तेव्हा प्लास्टिकच्या कागदावर रचायची. जॅकवेलवर वरचं दार बंद करून खालच्या दारानं पाणी घेतलं, तेल वर तरंगतं म्हणून.

ओढून काढण्याचा प्रयत्न

तिसऱ्या दिवशी काठावर दोन पोकलेन आली. 20 मिलिमीटरचा वायर रोप पॉन्टूनच्या खुंट्याला, म्हणजे डेकवरच्या दोर बांधायच्या जोड-नळ्याला, अडकवून दोघांनी मागं ओढलं. खुंटा डेकच्या पत्र्यासकट उपटून आला आणि काठाच्या दिशेनं उडाला. मधे कुणी नव्हतं एवढंच नशीब.

हिशेब केला असता तर हा प्रयोग झालाच नसता. पाण्याखाली पोलादाचं वजन साधारण 13 टक्क्यांनीच कमी होतं, त्यामुळे तळावर अजून 26-27 टन बसलेले. तळाचा पत्रा गाळाला चिकटलेला, साखळीनं बांधलेलं मशीन वर, बकेट नांगरासारखी रुतलेली. चांगल्या प्रतीच्या 20 मिलिमीटर रोपची तुटायची ताकद 25 टनांच्या आसपास, आणि पाचपट सुरक्षितता धरली की कामाला वापरायची 5 टन. खुंटा तर 6 मिलिमीटर पत्र्यावर नुसता वेल्ड केलेला, खाली आधाराची पट्टी नाही. पॉन्टून बांधून ठेवायला तो पुरतो, ओढायला नाही. ताणलेला रोप तुटला की दोन्ही टोकं सरळ रेषेत परत येतात. त्या रेषेत आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात माणूस उभा करायचा नाही. आपल्याकडे नेमकी तिथंच बघ्यांची गर्दी असते.

क्रेनचा विचारही झाला. काठावरून 70 मीटर लांब 20 टन उचलणारी क्रेन त्या मुरमाच्या पांदण रस्त्यानं आणणं आणि काठच्या काळ्या मातीवर उभी करणं, हा विषय कागदावरच संपला.

पातळीचा हिशेब

2021 मध्ये सुएझ कालव्यात अडकलेलं एव्हर गिव्हन 23 मार्चपासून 29 मार्चपर्यंत सहा दिवस हललं नाही. ड्रेजर आणि टग राबत होतेच, पण ते मोकळं झालं उधाणाच्या भरतीला. समुद्रावर काम करणारे भरतीची वेळ बघूनच तारीख ठरवतात. जलाशयाला भरती-ओहोटी नाही, पण वर्षातून एकदा येणारी लांबलचक ओहोटी आहे. उन्हाळी धानाची पाळी, म्हणजे कालव्यातून सोडायचं आवर्तन, सुटली की पातळी रोज उतरते, शिवाय एप्रिलच्या उन्हात नुसत्या बाष्पीभवनानं रोज सेंटीमीटरच्या आसपास जातं.

कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पाळी सुटली का पानी रोज दोन बोटं उतरते, भाऊ. थांबून पाहा ना." तेव्हा कुणी ऐकलं नाही. शाखा कार्यालयाकडून रोजच्या पातळीची वही आणि पुढच्या आवर्तनाचं वेळापत्रक मिळालं तेव्हा आकडा तोच निघाला. रोज साडेतीन सेंटीमीटर, सहा आठवड्यांत दीड मीटर. पॉन्टूनशेजारी खुणा केलेला बांबू रोवून रोजची नोंद सुरू झाली.

दीड मीटरनं काय बदलतं? 3.2 मीटर पाण्यात अख्खं डेक बुडालेलं होतं. टाकीचं झाकण 1.8 मीटर पाण्याखाली. टाकी उपसायची तर दोन मीटरहून उंच पोलादी विहीर झाकणावर उभारावी लागते. त्याहून वाईट म्हणजे पॉन्टून पूर्ण बुडालेलं असताना उचललं तर पाण्याच्या पृष्ठभागाला कापणारी त्याची रुंदी शून्य, आणि सरळ ठेवणारी ताकदही शून्य. वर 20 टनांचं मशीन. तळ सुटताक्षणी ते उलटंच होणार. 1.7 मीटर पाण्यात हेच पॉन्टून 12 अंश कलून बसलेलं असेल तर उंच कड अर्धा मीटर पाण्याबाहेर, खालची कड अर्धा मीटर पाण्याखाली, आणि खालच्या कडेपासून मीटरभर आत असलेली झाकणं जेमतेम 32 सेंटीमीटर पाण्याखाली. माणसाला डेकवर उभं राहून काम करता येतं.

पण फार थांबणंही चालत नाही. पॉन्टूनला तरंगायला अर्धा मीटरहून जास्त, कल धरून नव्वद सेंटीमीटर पाणी हवंच. त्याच्या खाली गेलं तर ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत चिखलात. तो चिखल मशीनचं वजन पेलत नाही, त्यामुळे मशीन सुकल्यावर चालवत नेण्याचा पर्यायही नाही. कामाची खिडकी 2 मीटर ते 0.9 मीटर, म्हणजे महिनाभराची. त्यातही एप्रिलचे अवकाळी वादळाचे दिवस वजा.

मालकाला हे पटायला वेळ लागला. त्याचं म्हणणं, मशीन सहा आठवडे पाण्यात सडेल. ते खरंच होतं. पण इलेक्ट्रॉनिक्स पहिल्या तासातच गेलेलं असतं. गोड्या पाण्यात, हवेपासून दूर, इंजिनाचे आतले भाग तितक्या वेगानं गंजत नाहीत, जितके बाहेर काढून दोन दिवस तसेच ठेवल्यावर गंजतात. तिसरा आठवडा संपेपर्यंत तो रोज क्रेनवाल्यांना फोन करत होता.

उचलण्याची तयारी

उचलणाऱ्यांशी करार सरळ ठेवला. पॉन्टून तरंगून घाटाला लागलं तर ठरलेली रक्कम, नाही तर फक्त डिझेल आणि मजुरी. सागरी बचावात "यश नाही तर पैसे नाहीत" ही जुनी चाल आहे, तिचंच हे गावठी रूप.

पाणी 1.9 मीटरवर आल्यावर सामान जमवलं: 200 लिटरचे चार ड्रम, दोन्ही तोंडं कापलेले, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूब, हुकबोल्ट, 3 इंची दोन डिझेल पंप आणि एक राखीव, चिखल ओढणारा एक सबमर्सिबल, त्यासाठी जनरेटर, 3 टनी दोन चेन पुली, वाळूची पन्नास किलोची 40 पोती. वीज शेतीच्या फीडरवरून घ्यायची नाही, ती रात्री येते आणि मधेच जाते. उपसा अर्धवट थांबणं हाच या कामातला सगळ्यात मोठा धोका.

भोकं आधी बुजवली. लहान भोकांना आंब्याच्या मऊ लाकडाच्या निमुळत्या खुंट्या, गोणपाट आणि ग्रीस लावून. मऊ लाकूड पाण्यानं फुगून बसतं, सागवान बसत नाही. एका ठिकाणी पत्रा तळहाताएवढा खाल्लेला होता. तिथं बाहेरून 5 मिलिमीटर पट्टी, मधे ट्यूबचं रबर, आणि भोकातून आत घातलेल्या आडव्या हुकबोल्टनं घट्ट आवळलं. गंजलेल्या पत्र्यावर हातोडा हलका चालवायचा. जोरात मारला की एका भोकाची तीन होतात.

मग झाकणांवर ड्रम. ड्रमचा व्यास 57 सेंटीमीटर, झाकणाचं भोक 45, त्यामुळे चारही बाजूंनी रबराची गादी बसायला जागा मिळाली. ड्रमची उंची 88, पाणी 32, म्हणजे लाट धरूनही काठ अर्धा मीटर वर. प्रत्येक ड्रम चार हुकबोल्टनी डेकला. गळती बुंध्याशी होतेच, ती मेण आणि चिंध्यांनी आटोक्यात आणली. पूर्ण थांबवायच्या नादी लागायचं नाही, पंपाच्या पाव क्षमतेपेक्षा गळती कमी असली की पुरे.

बकेटभोवतीचा गाळ पंपाच्या झोतानं मोकळा केला. बूम मध्यावर आणायची का, यावर बराच खल झाला. हायड्रॉलिक मेलेलं, मशीन फिरवणं जिकिरीचं. शेवटी हिशेबच कामी आला. रिकामी बकेट आणि ताणलेली बूम यांचे 10 टन-मीटर, टाक्या कोरड्या असताना कल 7 अंश. उंच कडेला दोन टन वाळू ठेवली की 4 अंश. बूम जिथं होती तिथंच राहिली.

उपसा

चारही टाक्या एकदम उपसायच्या नाहीत. सगळ्या अर्धवट भरलेल्या अवस्थेत पॉन्टून सुटलं तर बुडवणारा तोच पाण्याचा धावता भार चौपट होऊन परत येतो. एक टाकी पूर्ण कोरडी, मगच दुसरी. सुरुवात काठाकडच्या टोकापासून, म्हणजे ते टोक आधी उचलतं आणि दूरचं टोक पाणी भरलेलं, तळाला टेकून राहतं. तेवढा वेळ जमीनच पॉन्टूनला धरून ठेवते.

टाकीत 18 घनमीटर पाणी. 3 इंची पंप उपशाच्या उंचीला मिनिटाला सहाशे लिटर देतो, हिशेबानं अर्धा तास. प्रत्यक्षात पहिल्या टाकीला दीड तास लागला, कारण तळाच्या गाळानं फूटव्हॉल्व्ह तुंबत राहिला. जाळीच्या पाटीत फूटव्हॉल्व्ह ठेवल्यावर सुरळीत झालं, उरलेला रबडा सबमर्सिबलनं ओढला.

दुसरी टाकी निम्म्यावर आली तरी टोक हलेना. गाळाची पकड. अशा वेळी झटका द्यायचा मोह होतो. इथं पंप चालू ठेवून, दोन्ही चेन पुल्यांनी काठाकडे फक्त ताण धरून, कडेच्या बुंध्याशी दोन इंची पाइपनं पाण्याचा झोत फिरवत नेला. पाणी तळाखाली शिरलं की पकड सुटते. चाळीस मिनिटांनी बुडबुडे आले, टोक हळूहळू वर आलं आणि वीतभर वर येऊन थांबलं. त्यानंतर दुसरी, तिसरी आणि शेवटी चौथी. चौथी टाकी उपसताना डेकवर एकही माणूस नव्हता, पंप बोटीत होता. पॉन्टून पूर्ण सुटलं तेव्हा कल 5 अंश भरला, हिशेबापेक्षा एक अंश जास्त. तो बहुधा बकेटमध्ये अडकलेल्या गाळाचा.

घाटापर्यंत

ढिवरांच्या सोसायटीच्या दोन 10 एचपी बोटी. शंभर एचपीला साधारण टनभर ओढ धरली तर एका बोटीची शंभर किलो. संथ पाण्यात अर्धा मीटर सेकंदाच्या चालीला पॉन्टूनला तीसेक किलोच लागते, पण दुपारचा वारा सेकंदाला 10 मीटर झाला की मशीनसह एवढ्या आकारावर दोनशे किलोचा रेटा येतो, दोन्ही बोटींची सगळी ताकद खाणारा. म्हणून रात्रभर चार दोरांवर बांधून पहाटे साडेपाचला सोडलं. एक बोट पुढं, एक कडेला घट्ट बांधलेली. कडेच्या बोटीशिवाय थांबवता येत नाही, पुढून नुसतं ओढलेलं पॉन्टून बोट थांबली तरी येतच राहतं. चारशे मीटरला वीस मिनिटं लागली.

घाटावर पॉन्टूनचं टोक आधी मुरमावर टेकवलं. तरंगत्या पॉन्टूनवरून 20 टन टोकाकडे सरकवलं तर ते टोक बुडतं आणि मागचं उचलतं. मेलेल्या पोकलेनचे ट्रॅक लॉक असतात, म्हणून दोन्ही फायनल ड्राइव्हची झाकणं उघडून सन गिअर काढले, मग ट्रॅक मोकळे फिरले आणि दुसऱ्या मशीननं सावकाश उतरवून घेतलं. मेकॅनिक आधीच बोलावून ठेवला होता. चावी लावून बघायची नाही. पाण्यानं भरलेल्या सिलिंडरवर स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढून, क्रँक हातानं फिरवून पाणी बाहेर, मग डिझेल आणि तेलानं दोनदा धुणं, हे त्याच दिवशी संपवलं.

विम्याचं अजून चालू आहे. मशीनची पॉलिसी जमिनीवरच्या कामाची, पॉन्टूनची नोंदणीच नव्हती. इंजिन नाही म्हणजे ती बोट नाही, असा मालकाचा समज. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बिगरयांत्रिक जलयानांसाठीही वेगळं प्रकरण आहे.

पॉन्टूनमध्ये आता लांबीभर मधली उभी भिंत घातली आहे. तिनं 4.8 टन पाण्याचा धावता भार आठवरून तीन टन-मीटरवर येतो. पण जुन्याच पद्धतीनं 9 मीटरवर भरली बकेट धरली आणि टाकीत तेवढंच पाणी असलं तर कल अजूनही 15 अंशांजवळ जातो, कड बुडतेच. म्हणून आडव्या बाजूला साडेसहा मीटरच्या पुढं भरली बकेट न्यायची नाही, असं बंधन घातलं आणि बूमवर पिवळा पट्टा मारला. त्यात टाकीत पाणी धरूनही कल अकरा अंशांच्या आत राहतो. रोज सकाळी चारही टाक्यांत डिपस्टिक घालायची, पाच सेंटीमीटरच्या वर ओली आली तर आधी उपसा, मग काम.